एका पेटीत मावतील इतकी पुस्तके

मराठी मुलांनी कोणती पुस्तके वाचावीत, हा प्रश्न परिषदेच्या बैठकींत अनेकदा निघतो आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. कोणी दोन कादंबऱ्यांची नावे सांगतो, कोणी संतवाङ्मयाचा आग्रह धरतो, कोणी शिवचरित्राची आठवण करून देतो. ही सर्व पुस्तके उत्तमच आहेत. परंतु महाराष्ट्राबाहेर, बडोद्यासारख्या गावी, मराठी मुलांना शिकविताना एक गोष्ट आम्हांस वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. तारा, पक्षी, पीक, राग अथवा जुना किल्ला यांविषयी काही जाणून घ्यावयाचे झाले, की आमचा विद्यार्थी मराठी पुस्तकाकडे वळतच नाही. तो गुजराती पुस्तक उघडतो, हिंदी उघडतो आणि अलीकडे बहुधा इंग्रजीच उघडतो. अशी पुस्तके मराठीतही आहेत, हे त्याच्या गावीही नसते.

ह्यात मुलाचा दोष नाही. आम्ही वडीलमंडळींनीच मराठी त्याच्यापुढे ठेवली ती गणेशोत्सवातील नाटकाची, आजीच्या गोष्टींची आणि स्वयंपाकघरातील भाषा म्हणून. जी भाषा केवळ जिव्हाळ्याची आणि सणावाराची होऊन राहते, ती एका पिढीत बोलली जाते, दुसऱ्या पिढीत समजते आणि तिसऱ्या पिढीत आडनावापुरती उरते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद वा बेळगाव येथील आमच्या व्यवसायबंधूंचा अनुभव ह्याहून फारसा निराळा नसावा. मराठीत आपणांस हवे ते ज्ञान मिळते, आणि तेही कंटाळा न येता मिळते, असा अनुभव ज्या मुलास एकदा आला, तो ती भाषा सहसा टाकीत नाही. म्हणून रंजक आणि बोधक ग्रंथांची निवड हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ ग्रंथालयाच्या कपाटाचा नाही. परप्रांतातील मराठीच्या आयुष्याचा तो प्रश्न आहे.

एखादे साधेसे वाचन माणसास किती दूर नेऊ शकते, ह्याचे उदाहरण गोव्यातीलच आहे. १८७६ साली साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे नारळीच्या बागा सांभाळणारे, शाळेत फारसे न शिकलेले तरुण होते. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या ओढीने पुढे घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करून ते पाली भाषेचे पंडित झाले आणि १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनाच्या कामासाठी गेले. मुलांच्या मासिकातील तो मजकूर कोणी लिहिला, कोणी छापला, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. पण तो मराठीत होता, आणि ज्याच्या हाती पडावयास हवा होता त्याच्या हाती पडला.

हाती पडणे, हीच ह्या प्रकरणातील खरी अडचण आहे. बडोद्यात एके काळी तिच्यावर उपाय योजण्यात आला होता. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शिकलेला माणूस पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून घेतले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि फिरत्या ग्रंथालयांची योजना निघाली. निवडक पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात, काही काळ तेथे राहत आणि मग पुढच्या गावी रवाना होत. मोठी इमारत नको आणि मोठी वर्गणीही नको. पेटीत काय भरावे, एवढाच विचार नीट करावा लागे.

आमची सूचना त्या पेटीवरूनच सुचलेली आहे. परिषदेच्या प्रत्येक शाखेने १२ पुस्तकांची एक पेटी करावी आणि ती आपल्या गावातील शाळा, वाचनालये व मंडळे यांतून फिरवावी. १२ च का, असे कोणी विचारील. शंभर पुस्तकांची यादी शिक्षक जपून ठेवतो आणि १२ पुस्तके वाचतो, हे त्याचे उत्तर. निवड करताना आम्ही दोन कसोट्या लावल्या आहेत. लेखकाने तो विषय स्वतः पाहिलेला, केलेला वा भोगलेला असावा, ही पहिली. पुस्तकातील कोणतीही दोन पाने वर्गात मोठ्याने वाचली असता मुलांची चुळबुळ थांबावी, ही दुसरी.

इतिहासापासून आरंभ करू. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ पेटीत सर्वांत वर ठेवावे. कोकणातील वरसईचा हा गरीब भिक्षुक, बायजाबाई शिंदे ह्या मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाला आणि ऐन बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने किल्ल्याबाहेरच्या इतिहासकारासारखा नव्हे, तर शहरात अडकलेल्या माणसासारखा पाहिला. माळवा आणि ग्वाल्हेरकडील मुलांस ह्यातील वाटा ओळखीच्या वाटतील. शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा मूळ लेखनात बरेच फेरफार केले होते. हस्तलिखितानुसार मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. दोन्ही आवृत्त्या मिळाल्यास एकच प्रसंग दोहोंतून वाचून दाखवावा. इतिहासाचे साधन म्हणजे काय आणि ते का तपासून घ्यावे लागते, हे दहावीच्या मुलास इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणत्याही रीतीने शिकविता येणार नाही.

आत्मचरित्रांपैकी तीन घ्यावीत. पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे १९३४ ते १९३६ ह्या काळात भागशः प्रसिद्ध झाले. शाळेत न गेलेल्या ह्या बाईंनी लग्नानंतर अक्षरे गिरविली आणि मराठी गद्यास असे पुस्तक दिले, की जे उघडावे तेथून वाचता येते. धर्मांतराने एका घराची झालेली ताटातूट त्यात आहे, दारिद्र्य आहे, आणि ह्या सर्वांतून न मावळलेला विनोद आहे. दुसरे कोसंबींचे ‘निवेदन’, १९२४ सालचे. अन्नछत्रात जेवून काशीस संस्कृत शिकणारा हा विद्यार्थी आपल्या अडचणी इतक्या साधेपणाने सांगतो, की वाचणाऱ्यास स्वतःच्या तक्रारींची लाज वाटावी. सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपयांची सोय केली, त्यामुळे महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करणे त्यांस शक्य झाले, हेही त्यात आले आहे. बडोदेकर वाचकांस ते वाचून समाधान वाटेल.

तिसरे आत्मचरित्र जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. २०१२ साली आलेल्या ह्या ग्रंथास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परप्रांतीय मराठी मुलांसाठी ह्याचा पहिला भाग विशेष मोलाचा आहे. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक; मुलगा वाढला तो गंगाकाठी; भोवताली हिंदी आणि घरात मराठी. घरातील फळ्यावर त्याचे मामा एखादे कठीण गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. आमच्यासारखेच घर, आमच्यासारखीच दोन भाषांची ये-जा, आणि त्यातून आकाशाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ निघाला, हे मुलांनी अवश्य वाचावे. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. आयुष्यभर त्यांनी विज्ञान मराठीत सांगितले, आणि ते सांगताना मराठीस कोठेही कमीपणा येऊ दिला नाही.

गणिताचे एक पुस्तक पेटीत हवेच, कारण गणिताचे अवांतर वाचन असते हेच पुष्कळांस ठाऊक नसते. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ त्यासाठी योग्य आहे. नावाप्रमाणे ह्यात गप्पाच आहेत. ज्या मुलाने गणिताशी अबोला धरला आहे, त्याच्या हाती हे पुस्तक प्रथम द्यावे, आणि त्यावर परीक्षा घेऊ नये.

निसर्गासाठी दोन पुस्तके. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. चैत्रापासून आरंभ करून बारा महिन्यांची झाडे, पाने, फुले, ढग आणि पाखरे त्यांत टिपली आहेत. हे पुस्तक सलग वाचू नये. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचावा आणि वाचून झाल्यावर मुलांस अंगणात न्यावे. बडोद्याचा वैशाख आणि कोकणाचा वैशाख यांत फरक काय, हे मुले आपण होऊन सांगू लागतात, आणि तो फरक सांगावयास त्यांना मराठी शब्द शोधावे लागतात. दुसरे पुस्तक मारुती चितमपल्ली यांचे ‘पक्षी जाय दिगंतरा’. वनखात्याच्या नोकरीत त्यांचे आयुष्य अरण्यात गेले. पक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी जुन्या ग्रंथांतून जशी घेतली, तशीच रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडूनही घेतली. पुढे त्यांनी मराठीत ‘पक्षिकोश’ही सिद्ध केला. ज्या पाखराचे नाव आपल्या भाषेत येत नाही, ते पाखरू आपल्याला धड दिसतही नाही, असे आमचे मत आहे. चितमपल्लींची पुस्तके ही उणीव भरून काढतात.

भूगोलासाठी क्रमिक पुस्तकाऐवजी एक नदी घ्यावी. गो. नी. दांडेकरांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) नर्मदेच्या परिक्रमेवर आधारलेले आहे. अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत सुमारे १३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी मध्य प्रदेशातील आणि गुजरातेतील मराठी मुलांच्या रोजच्या ऐकण्यातली आहे. दांडेकरांनी परिक्रमा स्वतः केलेली होती. पुस्तकाचा घाट कथेचा असला, तरी तीरावरची गावे, अरण्ये आणि वाटसरूंस अन्न देणारी माणसे यांत पाहिल्याचा प्रत्यय येतो. वाचन चालू असताना भिंतीवर नकाशा लावावा आणि प्रवासी जसजसा पुढे जाईल तसतशी त्यावर खूण करीत जावे.

शेती आणि समाज ह्या विषयांवर जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. हा १८८३ साली लिहून झाला. ह्यातील भाषा कडक आहे. म्हणून शिक्षकाने तो आधी स्वतः वाचावा आणि मग वरच्या वर्गांत निवडून वाचावा. शेतकरी कर्जात का बुडतो, कचेरीत त्याची नागवण कशी होते, हे त्यात आहेच. त्याबरोबर पाणी अडविण्याचे, जमीन धुपू न देण्याचे आणि जनावरांची पैदास सुधारण्याचे उपायही सांगितले आहेत. ह्या ग्रंथातील काही भाग फुल्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांस वाचून दाखविला होता. तरुण राजा शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकत बसला आहे, हे चित्रच नागरिकशास्त्राचा एक पाठ आहे.

पुराणकथांची आवड आमच्या घरांतून अद्याप टिकून आहे. तिला विचाराची जोड द्यावयाची तर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ द्यावे. हा ग्रंथ १९६७ चा. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ होत्या. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे त्या देवदेवतांप्रमाणे न पाहता, एका विशिष्ट समाजात वाढलेली माणसे म्हणून पाहतात. काही वाचकांस हे रुचत नाही. मतभेद झाला तर तो वर्गात होऊ द्यावा. महाभारत मुखोद्गत असलेल्या एखाद्या आजोबांस बोलावून मुलांशी वाद घालावयास लावावे. नववीच्या खाली मात्र हे पुस्तक देऊ नये.

संगीतासाठी बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि पुढे देवासास स्थायिक झालेले कुमार गंधर्व लहानपणीच त्यांच्याकडे शिकावयास गेले. ह्या पुस्तकात रागांची लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. माणसे भेटतात, त्यांची तालीम, त्यांचे हट्ट आणि त्यांचा रियाज कळतो. मग मूल गाणे निराळ्या कानांनी ऐकू लागते.

बारावे पुस्तक पाहून काही सभासदांस हसू येईल. ते कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आहे. १९७० साली निघालेल्या ह्या पाकशास्त्राच्या पुस्तकात प्रमाणे वाटीने आणि चमच्याने सांगितली आहेत; ‘अंदाजाने’ ह्या शब्दावर विसंबलेले नाही. चार माणसांचे प्रमाण अकरा माणसांसाठी करून आणा, असे सांगितले की त्रैराशिक आपोआप होते. शिवाय परतणे, वाफविणे, खमंग, सरसरीत असे कितीतरी शब्द परप्रांतीय मराठी घरांतून हळूहळू निघून चालले आहेत. ते येथे जागेवर सापडतात. मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही हे वाचावे.

ही झाली १२ पुस्तके. तेरावे पुस्तक पेटी ज्या गावी जाईल त्या गावाने निवडावे. हैदराबादेस सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतु’ हे आत्मचरित्र घालता येईल. बडोद्यास गोविंद सखाराम सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चा एखादा भाग शोभेल, कारण राजपुत्रांस शिकविण्याच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासातूनच ते कार्य उभे राहिले. शिक्षकांसाठी म्हणून दोन पुस्तके बाजूस ठेवावीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या एका कोवळ्या शिक्षकाची कादंबरी. आणि तेत्सुको कुरोयानागी यांच्या जपानी ‘तोत्तोचान’चा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद. शिकविण्याचा कंटाळा आला, की ह्यांपैकी एक उघडावे.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे त्याचे काम उभे राहिले, पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आता तो संगणकावर विनामूल्य वाचता येतो. म्हणजे खंड विकत घेण्याचा खर्चही उरलेला नाही. मुलाने काही विचारले की इंग्रजी शोध घेण्यापूर्वी एकदा विश्वकोशात पाहण्याची सवय लावावी.

पेटी केल्याने काम संपत नाही. आमच्या अनुभवात पुस्तक मुलाच्या हाती जाण्याआधी त्याच्या कानी जावे लागते. आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, शिक्षकाने वीस मिनिटे मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात आले असता पुस्तक मिटावे. पुढे काय झाले, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल तो पुस्तक मागावयास येतो. तो न आला तर निवड चुकली असे समजून दुसरे पुस्तक घ्यावे. वाचलेल्यावर निबंध लिहून घेऊ नये. त्याऐवजी मुलास सांगावे, की वाचलेली गोष्ट शेजारच्या गुजराती वा कन्नड मित्रास त्याच्या भाषेत सांगून ये. जे मराठीत कळले ते दुसऱ्याच्या उपयोगी पडले, ह्याचा मुलास फार अभिमान वाटतो. आणि ती वाट उलटही चालते. मित्राकडून ऐकलेले तो मराठीत आणून सांगतो.

एक सूचना कठोर वाटेल, पण ती केली पाहिजे. कपाटातील जुनी विज्ञानाची पुस्तके भावनेपोटी मुलांपुढे ठेवू नयेत. प्लूटो २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळला गेला; तरीही नऊ ग्रह शिकविणारी पुस्तके कित्येक वाचनालयांत मानाने उभी आहेत. गोडसे भटजी जुने झाले तरी खोटे ठरत नाहीत, कारण ते आपण पाहिलेले सांगतात. शास्त्राचे पुस्तक मात्र कालबाह्य झाले की चुकीचे शिकविते, आणि मराठी पुस्तकात चूक सापडली असा अनुभव मुलास एकदा आला, की तो त्या भाषेवरचाच विश्वास गमावून बसतो.

कोणी म्हणेल, की ह्या यादीत अमुक नाही, तमुक नाही. ते खरे आहे. उद्योग, वैद्यक, क्रीडा ह्या विषयांस ह्या पेटीत स्थान मिळालेले नाही. ती उणीव वाचकांनी भरून काढावी. आपल्या गावी जे पुस्तक मुलांनी हातोहात नेले, त्याचे नाव आणि ते का नेले हे चार ओळींत परिषदेकडे कळवावे. त्यातून दुसरी पेटी तयार होईल. तूर्त पहिलीचा खर्च एखाद्या समारंभाच्या हारतुऱ्यांहून फार अधिक येणार नाही. येत्या वर्षी आपल्या शाखेचा वार्षिकोत्सव ठरविताना सभासदांनी तेवढा हिशेब मांडून पाहावा, अशी आमची विनंती आहे.